वॅगनआर एलएक्सआय: स्टिअरिंगवर ऑडिओची बटणं बसवायची आहेत, पार्ट कुठून घ्यावेत?

मावळवाटा (तळेगाव दाभाडे)

नमस्कार मंडळी. बाबांची वॅगनआर आहे, एलएक्सआय सीएनजी, २०२० ची. कंपनीचा स्टिरिओ नव्हताच, आम्ही बाहेरून नऊ इंची अँड्रॉइड बसवून घेतला. स्टिअरिंगवर बटणं नाहीत, डाव्या बाजूला त्यांच्या जागी कोरं झाकण आहे.

बाबांचा डावा खांदा गेल्या पावसाळ्यापासून आखडलाय. गिअर टाकताना फारसा त्रास होत नाही, हात खालीच असतो. पण स्टिरिओपर्यंत हात उचलायचा म्हटला की कळ येते. फोन आला की ते उजवा हात स्टिअरिंगवरून आडवा नेऊन पडद्याला बोट लावतात. जुन्या हायवेला ट्रकच्या रांगेत हे चाललेलं असतं आणि शेजारी बसून माझा जीव वरखाली होतो. गाडी चालवणं बंद करा, असं मी त्यांना सांगणार नाही. फोन घेणं आणि आवाज कमी-जास्त करणं एवढं अंगठ्याखाली आलं तरी पुरे.

एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात विचारलं. "बटणं, कॉइल, वायरिंग सगळं काढीव देतो, साडेचार हजार, दोन तासांत गाडी घेऊन जा," असं म्हणाले. कॉइल कुठल्या गाडीतली, यावर उत्तर आलं, "मारुतीचीच आहे, सगळ्यांना एकच लागते." सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं की मॉडेलला नाही ते आम्ही बसवत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग घरात आहे. एअरबॅगला मात्र हात लावायची भीती वाटते. तर नक्की कोणकोणते पार्ट लागतात, त्यातलं काय नवीन घ्यावं आणि काय जुनं चालेल? शिवाय ऑनलाइन पट्ट्याने बांधायची वायरलेस बटणं मिळतात, ती चालतात का?

घाटरस्ता

ताई, वायरलेस बटणं माझ्या जुन्या अल्टोत आहेत. स्टिअरिंगच्या रिंगच्या आतल्या बाजूला सिलिकॉनच्या पट्ट्याने बांधायची, आत नाण्याएवढा सेल असतो आणि रिसीव्हरची वायर स्टिरिओच्या मागे जोडायची. स्टिअरिंग खोलावं लागत नाही. माझं काम भागतं. त्रास एवढाच की उन्हात गाडी तापली की पट्टा ढिला पडतो आणि बटणं जागेवरून सरकतात. मग नजर रस्त्यावरून काढून बटण शोधावं लागतं. बाबांसाठी हवंय म्हणताय, तर हे ध्यानात घ्या. आणि काहीही झालं तरी मधल्या एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवू नका.

कृष्णाकाठ (सांगली, ऑटो इलेक्ट्रिकल)

ताई, मी वायरिंगच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुख्य गोष्ट. बटणं जुनी चालतील, वायरचे तुकडे जुने चालतील, कॉइल मात्र नवीच घ्यायची, तीही तुमच्या गाडीच्या चासी नंबरवरून काढलेली. त्या दुकानदाराने कॉइल काढीव देतो म्हटलं तिथेच तुम्ही मागे फिरलात, हे फार चांगलं केलंत.

ही कॉइल म्हणजे काय, तर स्टिअरिंगच्या मागे बसणारी चपटी गोल डबी. सुझुकीच्या कॅटलॉगमध्ये तिला कॉन्टॅक्ट कॉइल म्हणतात, टोयोटावाले स्पायरल केबल, होंडावाले केबल रील आणि बाजारात सगळे क्लॉक स्प्रिंग. आत टेपमापाच्या पट्टीसारखी गुंडाळलेली चपटी फीत असते. स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरतं तशी ती सैल होते, आवळते आणि तारा न तोडता वीज रिंगपर्यंत पोचते. त्याच फितीतून हॉर्न जातो, बटणांचा सिग्नल जातो आणि एअरबॅग फुटायचा हुकूमही जातो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे तुमच्या २०२० च्या बेस मॉडेलमध्येसुद्धा एअरबॅग आणि कॉइल आहेच. प्रश्न एवढाच की तुमच्या कॉइलमध्ये बटणांच्या तारा आहेत की नाहीत.

हे कळायला पैसे लागत नाहीत. मारुतीच्या कोणत्याही अधिकृत पार्ट काउंटरवर आरसी घेऊन जा आणि दोन नंबर विचारा. एक, तुमच्या चासीवर येणारा कॉन्टॅक्ट कॉइलचा नंबर. दुसरा, त्याच वर्षाच्या बटणंवाल्या वरच्या मॉडेलचा. दोन्ही कॉइलच्या नंबरांची सुरुवात ३७४८० अशीच होईल, कारण पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात. फरक बघायचा तो पुढच्या भागात. दोन्ही नंबर तंतोतंत एकच निघाले तर तुमच्या गाडीत योग्य कॉइल आधीच बसलेली आहे, नवी घ्यायची गरजच नाही. वेगळे निघाले तर वरच्या मॉडेलची घ्यायची, पण एअरबॅगचा कपलर (तारा जोडायचा प्लग) तुमच्या गाडीतल्यासारखाच आहे का, हे काउंटरवर चित्रात बघून मगच. सगळ्या मारुतींना एकच कॉइल लागते हे साफ खोटं आहे. पिनांची संख्या बदलते, कपलरची खाच बदलते.

पैसे देण्याआधी पाकीट नीट बघा. होलोग्राम, नंबर, छापील एमआरपी. इलेक्ट्रिकलचा माल काउंटरवाले परत घेत नाहीत, तेव्हा नंबर तिथेच पडताळायचा. नवी कॉइल मध्यावर लॉक करून येते, पिन किंवा स्टिकर लावलेला असतो. तो शाबूत हवा. रिंग बसेपर्यंत तो काढायचा नाही आणि कॉइल हातात घेऊन फिरवून बघायची नाही.

जुनी कॉइल का नको, तेही सांगतो. भंगारात येणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याचशा ठोकलेल्या असतात. एअरबॅग फुटलेल्या गाडीतली कॉइल परत वापरायची नाही, हा आमच्याकडे नियम आहे. दुसरं, काढताना कोणी ती किती फेरे फिरवली ते कळायला मार्ग नाही. मध्य चुकलेली कॉइल आज चालते आणि एखाद्या दिवशी यू-टर्नला पूर्ण वळण घेतलंत की आत फीत तुटते. हॉर्न बंद, बटणं बंद, एअरबॅगचा दिवा चालू, तिन्ही एकाच वेळी झालं तर समजायचं की फीत गेली. हॉर्न गेला तर माणूस दुरुस्त करून घेतो. एअरबॅग गेलेली आहे हे मात्र बऱ्याच जणांना महिनोन् महिने कळत नाही, कारण दिव्याकडे कोणी बघत नाही. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचा दिवा विझावा म्हणून कुणीतरी एअरबॅगच्या कपलरमध्ये रेझिस्टर खुपसून ठेवला होता. मालकाच्या घरात लहान मूल होतं, आणि आपल्या गाडीची एअरबॅग चालू आहे अशी त्याची खात्री होती. तेव्हापासून दुसऱ्याने केलेलं काम आलं की मी सगळ्यात आधी स्टिअरिंग उघडतो.

बटणांचा संच मात्र खुशाल जुना घ्या. त्यात एअरबॅगचं काही नसतं. पुण्यात नाना पेठेत चौकशी करा, मुंबईला कुणी जाणार असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. संच घेताना त्याच्या मागची छोटी वायर कपलरसकट मागायची. ती कापलेली असेल तर घेऊ नका, ती वेगळी मिळवताना जीव जातो.

बेस्टने_जाणारा

कुर्ल्याचा अनुभव आहे म्हणून लिहितो. तिथे "वॅगनआरची बटणं द्या" म्हणून सांगितलं की समोर कुठलीही मारुती येते. कोऱ्या झाकणाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पट्टी धरून एक फोटो काढा आणि मागच्या खाचा जुळवून बघा. अक्षरं घासलेली चालतील, पण बटण दाबल्यावर टिचकन आवाज यायला हवा. मेणासारखं दबत असेल तर आतलं रबर गेलेलं आहे. सकाळी दुकानं उघडताना जा, दुपारनंतर कुणाला वेळ नसतो.

लाल_पोलो (चिंचवड)

एक वेगळा मुद्दा, पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी. चाकणच्या कारखान्यात बनलेल्या पोलोमध्ये मी हेच काम करून घेतलंय आणि तिथे हिशेब निराळा आहे. फोक्सवॅगनमध्ये बटणांचा सिग्नल मारुतीसारखा रेझिस्टरने नाही, लिन नावाच्या एका तारेवरून आकड्यांच्या रूपात जातो. त्यामुळे पार्ट बसवले तरी लॅपटॉप लावून कोडिंग केल्याशिवाय गाडी बटणांना ओळख देत नाही. ज्या गाड्यांत ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आहे त्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर पुष्कळदा कॉइलपाशीच असतो, तोही नंतर शून्यावर आणावा लागतो. मारुतीच्या धाग्यावरून फोक्सवॅगनचे पार्ट कुणी घेऊ नयेत, एवढंच.

मावळवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काउंटरवर जाऊन आले, दोन्ही नंबर लिहून घेतले. इथे टाकत नाही, कारण तिथल्या दादांनी सांगितलं की गाडी कधी बनली त्यावरून नंबर बदलतो, ज्याने त्याने आपल्या चासीवर काढावा. वरच्या मॉडेलची कॉइल मागवली आहे.

नाना पेठेत बटणांचा संच मिळाला, कपलरसकट. घरी टेबलावर मल्टिमीटर लावून बघितला. प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स येतो, पण "आवाज वाढव" दाबलं की आकडा एका जागी थांबत नाही. दाबून धरलं तर हळूहळू खाली येतो. बाकीची बटणं ठीक. संच बदलून आणू का?

कृष्णाकाठ काका, अजून एक. बटणांपासून स्टिरिओपर्यंतच्या तारा माझ्या गाडीत असतील का? आणि स्टिरिओच्या मागे "की १", "की २" लिहिलेल्या दोन तारा मोकळ्या आहेत, त्या याच ना?

कृष्णाकाठ (सांगली, ऑटो इलेक्ट्रिकल)

त्याच तारा ताई. मोजून बघितलंत हे उत्तम, बाजारात इतकं कोणी बघत नाही.

आकडा हलतोय म्हणजे त्या बटणाच्या आतल्या ठिपक्यांवर गंज किंवा हातांचा तेलकटपणा बसलाय. बदलण्याआधी संच उघडा. मागचे छोटे स्क्रू काढले की रबराची चटई निघते, खाली सर्किटवर काळे ठिपके दिसतील. आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापसाला लावून हलक्या हाताने पुसा, रबराच्या बाजूचे ठिपकेही पुसा. घासायचं नाही, पॉलिश पेपर तर अजिबात नाही, तो काळा थर निघाला की बटण कायमचं गेलं. वाळल्यावर परत मोजा. बहुतेक वेळा आकडा जागेवर येतो. नाही आला तर बदलून आणा.

हा आकडा स्थिर का हवा, ते हिशेबाने दाखवतो, तुम्हाला लगेच पटेल. समजा स्टिरिओच्या आत ५ व्होल्ट आहेत आणि १ किलोओहमचा रेझिस्टर. आवाज वाढवायचं बटण ३३० ओहमचं असेल तर "की" तारेवर साधारण १.२४ व्होल्ट दिसतात. शेजारचं, पुढचं गाणं लावणारं बटण ४७० ओहमचं असेल तर १.६० व्होल्ट. आता अर्थ, म्हणजे निगेटिव्हची जोडणी, कच्चा आहे आणि त्यात १०० ओहमची भर पडली, तर आवाजाच्या बटणाचे १.५० व्होल्ट होतात. स्टिरिओला ते १.६० च्या जवळचे वाटतात आणि आवाज वाढवायला गेलं की गाणं बदलतं. लोक स्टिरिओला शिव्या देतात, दोष अर्थचा असतो. म्हणून बटणांचा अर्थ स्टिरिओच्याच अर्थच्या तारेला न्या, डॅशबोर्डखालच्या कुठल्यातरी रंगवलेल्या बोल्टला नको.

तारांचं म्हणाल तर बेस मॉडेलमध्ये स्टिअरिंग कॉलमच्या (रिंगखालच्या दांड्याच्या) कपलरपासून स्टिरिओपर्यंतच्या तारा नसण्याचीच शक्यता धरून चला. कॉलमची खालची-वरची कव्हरं काढली की कपलर दिसेल. त्यात काही घरं रिकामी असतील तर तारा नाहीत. अर्धा चौरस मिलिमीटरची वायर पुरते, सिग्नलच्या तारा, अर्थ आणि बटणांच्या उजेडासाठी एक. उजेडाची तार पार्किंग लाइटच्या सप्लायवर घ्यायची, नाहीतर रात्री बाबांना बटणं दिसणार नाहीत. पिना सोल्डर करून कपलरच्या रिकाम्या घरात बसवा, घराची जागा वरच्या मॉडेलप्रमाणे. कापडी हार्नेस टेप वापरा, साधी प्लास्टिकची टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. कॉलम खाली-वर होतो त्या जागी तार ताणलेली नको आणि पायाच्या पेडलांकडे लोंबकळणारी तर नकोच.

आणि पिवळी तार, म्हणजे एअरबॅगची. तिला सोल्डर नाही, जोड नाही, मल्टिमीटरचा ओहम नाही. टेस्ट लॅम्प तर लांबच राहू दे. आमच्या धंद्यातली जुनी माणसं सवयीने कुठल्याही तारेला टेस्ट लॅम्प टोचतात. त्या बल्बमधून जाणारा करंट एअरबॅग फोडायला पुरेसा असतो.

कॉइल बदलायचं आणि एअरबॅग उतरवायचं काम तुम्ही स्वतः करू नका, असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला जमणार नाही म्हणून नव्हे. नंतर दिवा लागला तर गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. बटणांचा आणि वायरिंगचा भाग घरी करा, तेवढं काम स्कॅनर असलेल्या माणसाकडे द्या आणि शेजारी उभ्या राहा. पुढच्या गोष्टी तो करतो का, ते बघा.

चाकं सरळ करून चावी बंद. बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. एअरबॅग उतरवली की झाकणाची बाजू वर करून, मोकळ्या जागी ठेवायची. नटाजवळ रिंग आणि शाफ्टवर खूण करायची, नाहीतर स्टिअरिंग एक दात चुकीचं बसतं आणि गाडी सरळ चालताना रिंग तिरकी दिसते. नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे राहू द्यायचे आणि मग रिंग ओढायची. रिंग अडकलेली असते, एकदम सुटून तोंडावर येते. नट राहिला तर ती तिथेच थांबते. बसवताना नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. अंदाजाने पाइप लावून आवळणारा दिसला तर थांबवा त्याला.

नवी कॉइल लॉकसकट बसवायची. लॉक चुकून आधीच निघालं असेल तर हलक्या हाताने डावीकडे शेवटपर्यंत फिरवायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे उजवीकडे परत आणून खुणा जुळवायच्या.

घाटरस्ता

काका, माझ्या भाच्याकडे पायोनियरचा स्टिरिओ आहे. त्याला "की" तारा नाहीत, मागे एक छोटं गोल भोक आहे फक्त. त्याला जमेल का?

कृष्णाकाठ (सांगली, ऑटो इलेक्ट्रिकल)

जमेल. ते वायर्ड रिमोटचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे, सोनीच्याही बऱ्याच स्टिरिओंना असतं. बटणं आणि स्टिरिओ यांच्यामध्ये एक इंटरफेस डबी लावावी लागते. ती घेताना स्टिरिओचा मॉडेल नंबर दाखवून घ्यायची. ज्यांना फक्त आवाज आणि फोन हवाय त्यांनी आधी डबीची किंमत विचारावी, मग बाकीचे पार्ट घ्यावेत.

मावळवाटा

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे संच उघडून पुसला. आकडा आता स्थिर आहे, सगळी बटणं वेगवेगळी मोजून कागदावर लिहून ठेवली. टेबलावरच स्टिरिओ आणि बॅटरी लावून "स्टिअरिंग की" च्या पानावर बटणं शिकवून बघितली, बरोबर ओळखतोय. फोन घ्यायचं बटण मी वरच्या बाजूला ठेवलंय, बाबांचा अंगठा सहज तिथे जातो.

कॉइल परवा येईल म्हणाले. स्कॅनर असलेला एक मेकॅनिक वडगावला सापडलाय. नट पूर्ण न काढता रिंग ओढायची, हे त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं, म्हणून त्याच्याकडेच देतेय. काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना काय काय तपासू?

कृष्णाकाठ (सांगली, ऑटो इलेक्ट्रिकल)

माणूस बरा दिसतोय. चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तरी ताब्यात घेऊ नका, बल्ब काढलेला असू शकतो. मग इंजिन चालू करून उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे सावकाश फिरवा. दोन्ही टोकांना हॉर्न वाजवून बघा आणि प्रत्येक बटण दाबून बघा. फिरवताना आतून कागद घासल्यासारखा आवाज आला तर परत उघडायला लावा. रस्त्यावर सरळ चालवताना रिंग सरळ आहे का, वळण घेतल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो का, तेही बघा, कारण इंडिकेटर परत आणणारी खाच कॉइलच्याच भोवती असते.

जुनी कॉइल मागून घ्या. ती तिथे राहिली तर पुढच्या कुणाच्या तरी गाडीत जाईल.

मावळवाटा

मागून घेते. आणि तिची फीत कापूनच भंगारात देते.